रोझाच्या बाळावर घातलेले पाणी

गिरगाव, गुरुवार संध्याकाळ, १८९४

१. दुपारी रोझाला मुलगा झाला. रडला नाही. श्वास अडकत होता.
२. तिची सासू मला म्हणाली, “बाय, पाद्री येईपर्यंत हा राहायचा नाही. तूच घाल पाणी.” त्यांच्या कॅथलिक रिवाजात अशा वेळी सुईणीने बाप्तिस्मा दिला तरी चालतो.
३. मी चमचाभर पाणी कपाळावर घातले. सासूने सांगितले ते शब्द म्हटले.
४. दहा मिनिटांनी बाळ गेले.

मी इथली सुईण, पण त्यांच्या पंथाची नाही; प्रोटेस्टंट आहे. शिवाय ही बाळंतिणीची खोली हिंदू, कॅथलिक आणि आमचे मिशन मिळून चालवतात, ती एकाच अटीवर: खाटेपाशी कोणी धर्म आणायचा नाही.

पाद्री म्हणतात, पाणी घातल्याचे लिहून द्या, तरच बाळाला कबरस्तानात जागा मिळेल. आमचे पाळक म्हणतात, “अंग पुसले म्हणा, रूथबाई. तेही पाणीच. नाहीतर उद्या एकही हिंदू बाई इथे येणार नाही.”

चमचाभर पाणी. कोमट होते, एवढे मी पाहिले होते. त्याचे पुढे काय होईल, ते का पाहिले नाही?

पडद्यापलीकडे बाळंतपणासाठी आलेल्या काशीबाई आहेत, हिंदू. त्यांनी तिथूनच विचारले, “नर्सबाई, माझ्या पोरालाही घालाल की काय?”

“नाही,” मी म्हटले. त्यांना खरे वाटले का? त्यांचे मूल पोटात आडवे आहे. भिऊन घरी गेल्या आणि तिथे अडल्या, तर दोघेही जातील.

शेवटी खोली चालवणाऱ्या मंडळाला चिठ्ठी लिहिली, ती इथे उतरवून ठेवते:

“पाणी मी घातले. पाद्रींना तसे लिहून दिले आहे. काशीबाईंचे दिवस भरले आहेत. मला काढायचे असल्यास शनिवार सकाळपर्यंत कळवावे, म्हणजे त्यांच्यासाठी दुसरी सुईण पाहता येईल.”