पगाराच्या आधी संपलेली मर्यादा

मंगळवार संध्याकाळ, हडपसर

मी सांगतेय आणि माझी सून सुनंदा लिहितेय. डोकं तापलंय, म्हणून आधी तेच. सुनंदा सरकारी बसवर कंडक्टर आहे आणि या महिन्याचा पगार अजून नाही. नातीची नर्सिंगची फी शनिवारी भरायची आहे. सकाळी डेपोतले साहेब सुनंदाला म्हणाले, "पगार कर्ज काढूनच होतो, आणि खात्याला थोड्या मुदतीचं कर्ज कायद्यानं ठरवून दिलंय तेवढंच काढता येतं. ती मर्यादा संपली."

संपली म्हणे. मर्यादा असावीच, नाहीतर ही माणसं उद्या बसस्टॉपसुद्धा गहाण टाकतील. पण संपेपर्यंत कुणाकुणाला दिलं? डिझेलवाल्याला दिलं, टायरवाल्याला दिलं, कंडक्टरच्या वेळी बरा कायदा आठवला. पगार शेवटी द्या, असं कायद्यात कुठे लिहिलंय? साहेबांनी दाखवावं, मी सुनेकडून वाचून घेईन.

मर्यादा मलाही ठाऊक आहे. आमच्या बचत गटात पहिलं कर्ज फिटल्याशिवाय दुसरं मिळत नाही, आणि अध्यक्ष मीच. दुपारी सुनंदाने फीसाठी मागितलं. तिचे जुने दोन हप्ते बाकी आहेत. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हटलं. चुकलं का माझं?

आत्ता सुनंदाने पेन थांबवलं. "आई, साहेबांना एवढं बोललात. दुपारी मला नाही कोण म्हणालं?"

"मग तेही लिही की."

लिहिलंय तिने. मला वाचता येत नाही, पण अक्षर चांगलं मोठं काढलंय, एवढं दिसतं.