पावसाचा रिकामा रकाना

आई, तुझे गुडघे कसे आहेत? दादांचा खोकला थांबला का? आत्याबाई तिथंही सगळ्यांवर डाफरतात, की शांत झाल्या? इकडं आम्ही बरे आहोत.

बिलोलीतलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान पोराकडं दिलं आणि या वयात कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकलो. व्हिडिओ बघत, चुकतमाकत. त्यात एक छोटासा प्रोग्राम लिहिलाय. रोज सकाळी तो हवामान सांगणाऱ्या वेब सर्व्हिसकडं जातो, आपली ओळख देतो, गावाचं नाव सांगतो आणि आज पाऊस किती ते विचारून येतो. शेजारच्या वहिनींनी हळद शिजवून खळ्यावर वाळत घातलीय. वर्षाची मेहनत उघड्यावर. भिजली की रंग गेला. पाऊस नाही असं मी सांगितलं, की त्या हळदीवरची ताडपत्री काढतात.

आज उत्तर आलं, पाऊस शून्य. वहिनींना सांगायला मी फाटकापर्यंत गेलोही होतो, पण आभाळ भरून आलेलं. माघारी येऊन आलेला मजकूर उघडला, तर त्यात पावसाचा रकानाच नव्हता. 'रकाना नसेल तर शून्य धर' असं मीच लिहून ठेवलेलं. ही भाषा लई भोळी, द्याल ते मुकाट घेते.

तेव्हा तू आठवलीस. चुलीपुढं बसलीयस, हात पिठात. मला समोरच्या घरी विरजण मागायला धाडलंयस. दार लोटलेलं, हाका मारतो, कुणी ओ देत नाही. येऊन सांगतो, नाही म्हणाल्या. तू भाकर थापायची थांबतेस.

“न्हाई म्हणाल्या, का बोलल्याच न्हाईत? माणसाच्या तोंडी न बोललेलं घालू नको.”

वहिनींना जाऊन सांगितलं, आज मला माहीत नाही.

“मशीनलाबी माहीत न्हाई? मग त्याला चारा कशाला घालून राहिलात, भाऊ?”

हसल्या, पण ताडपत्री तशीच राहू दिली. दुपारी लख्ख ऊन पडलं. वाळवणाचा दिवस वाया गेला म्हणून पुटपुटल्या, आणि उद्या कधी विचारायला येऊ, हेही विचारून गेल्या. ती 'शून्य धर'ची ओळ मी बदलली. आता उत्तर नसलं की 'कळलं नाही' असंच येतं.

एक सांगतो, कुणाला बोलू नको. दुपारभर मी ओट्यावर बसून वाट बघत होतो, त्या ताडपत्रीवर चार थेंब तरी पडावेत, माझी लाज राहावी म्हणून. तुम्ही तिघं गेलात तिथं पत्र कसं टाकायचं ते ठाऊक नाही, ट्रंकेत ठेवतो. तू मात्र लवकर लिही.