कोचीची जागा

॥ श्री ॥

पेण, ५ जून २०२५

चि. ऋजुतास,
वैशालीआत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

तू आठ वर्षांची होतीस. मे महिन्याची सुट्टी. मागच्या ओट्यावर मी राख घेऊन खाडीच्या चिखलातल्या जिवंत निवट्या साफ करायला बसले होते आणि तू शेजारी पाटावर. एक निवटी हातातून निसटली, टणाटण उड्या मारत थेट मोरीपर्यंत गेली, आणि तू तिच्यामागे. पाण्याबाहेर काढला की मासा मरतो असं शाळेत शिकवतात, मग ही का मरत नाही, असं तू मला विचारलंस. मी इंग्रजी शिकवणारी बाई, मला कुठलं ठाऊक! आधी कालवण होऊ दे, मग सांगते, म्हणून मी वेळ मारून नेली. त्या दिवशी तू कालवणाला हात लावला नाहीस, दहीभात खाऊन उठलीस.

हे सगळं काल तुझं पत्र वाचताना आठवलं. कोचीच्या विद्यापीठात सागरी जीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला तुझं नाव लागलं, तेही पहिल्याच यादीत! देवापुढे साखर ठेवली. मग शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन तिथल्या कारागिरांनाही पेढे दिले. त्यांना वाटलं, तुझं लग्न ठरलं.

फी आणि हॉस्टेलबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. विष्णुला विचारायला माझी जीभ रेटत नाही. धाकटा असला तरी भाऊ आहे, आणि मानी आहे. कंपनी बंद झाल्यापासून त्याचं सल्लागाराचं काम बरं चाललंय असं तो म्हणतो, तेव्हा त्याने सोय केली असेलच. तरी कळव. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे येतं ते शेजारीही ऐकतात.

लोभ वाढवण्याची विनंती तू कर. माझा आधीच उतू चाललाय.

तुझी,
वैशालीआत्या

रोहा, १४ जून २०२५

ती. आत्यास,
ऋजुताचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पाकीट देताना पोस्टमन काळुराम म्हणाला, की हाताने पत्ता लिहिलेलं पत्र आता आख्ख्या आळीत तुमच्याच घरी येतं, बाकी सगळीकडे मी नोटिसा वाटतो.

विचारलंस म्हणून लिहिते. जागा एकतीस जुलैपर्यंत माझी आहे. तोवर पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल मिळून एक लाख दहा हजार भरायचे. नाही भरले तर जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलीला. सरकारी योजनेच्या खिडकीवर कळलं, की राज्याबाहेरच्या विद्यापीठाला ती लागू नाही. बँकेतल्या साहेबांनी माझं प्रवेशपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, नर्सिंगला गेली असतीस तर दहा मिनिटांत काम झालं असतं, चिखलातल्या माशांवर कर्ज द्यायला वरून परवानगी नाही. मदत मागायला एका कारखान्याच्या ऑफिसातही जाऊन आले. तिथल्या मॅडम छान बोलल्या, चहा दिला. मी खाडीवर काम करते म्हटल्यावर मात्र त्यांनी घड्याळ पाहिलं.

आता उरला तुमच्या पेणचा आनंदीबाई विद्यार्थी निधी. गरजू मुलांना वर्षाची पूर्ण फी देतात. घरची परिस्थिती खरी लिहावी असं अर्जावर ठळक छापलंय. मी खरी लिहिली. त्यांची बैठक जूनअखेर आहे. ते झालं तर झालं, नाहीतर दुसरं दार मला माहीत नाही.

रविवारी तुझ्याकडे न येता वडखळहून परस्पर खाडीत उतरले, रागावू नकोस. भरतीची वेळ चुकली असती. काशीबाई बरोबर होती. ती गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणते, गो बाय, तीन वर्सं झाली, तू निवट्या मोजतस नि वहीत लिवतस, तुला पैसं कोन देनार हाय? मी धरतंय नि विकतंय, मला निदान तेलामिठाचं सुटतंय. मी म्हटलं, कोचीला देतील. तर म्हणाली, तितं काय निवट्या नाय का, त्यांना इतल्या कशाला?

बाबा मजेत आहेत. रोज कोलाडला जातात. कामाचा व्याप आहे.

तुझा लोभ उतू जात असेल तर खाली पातेलं धरून ठेव, मी येतेय.

तुझी,
ऋजुता

पेण, २ जुलै २०२५

चि. ऋजुतास,
आत्याचे आशीर्वाद, आणि एक गुपित.

निधीची बैठक होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. परवा बैठक झाली, आता सांगते. निधीचे चिटणीस कोण आहेत माहीत आहे? यज्ञेश! पाचवीत माझ्या वर्गात होता, नाक पुसायला सांगावं लागे. त्यांची जुनी पद्धत आहे, अर्ज आला की त्या घराण्यातल्या पेणच्या वडीलधाऱ्या माणसाकडे जाऊन बसायचं, आणि अर्जदाराला कळू द्यायचं नाही. पंधरा दिवसांपूर्वी तो माझ्याकडे आला. मी चांगले कप काढले. तो अजूनही माझ्यासमोर पाय जवळ घेऊन बसतो.

घरची माहिती सांगा बाई, म्हणाला. मी म्हटलं, अरे, आमचं घर काय आजचं आहे? विष्णु सल्लागार आहे, कंपन्या त्याच्या मागे असतात. गौरीच्या जेवणाला चाळीस पान उठतं. आजवर कुणापुढे हात पसरलेला नाही. मुलगी पैशासाठी अडलेली नाही, तिच्या बुद्धीचा मान व्हावा म्हणून अर्ज केलाय. तो भराभर लिहून घेत होता. जाताना पाया पडला.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बक्षिसाला मुलगी निवडायच्या तेव्हा घरचं वळण आधी बघायच्या. चांगल्या घरची मुलगी दिलेलं वाया घालवत नाही, असं त्या म्हणत. ते माझ्या लक्षात होतं. म्हणून मी काही कमी पडू दिलं नाही.

कोचीला पाऊस फार असतो. तुझ्यासाठी दोन सुती ओढण्या आणून ठेवल्यात. भरायच्या कागदांच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला तरी चालेल.

लोभाचं पातेलं भरलं. आता हंडा आणते.

तुझी,
आत्या

रोहा, १ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही ते मुद्दाम. काल एकतीस तारीख होती. आधी लिहिलं असतं तर तू हातातल्या पाटल्या मोडल्या असत्यास. आता त्याचा उपयोग नाही, म्हणून आज लिहिते.

बाबा सल्लागार नाहीत. दोन वर्षांपासून ते कोलाडला महामार्गावरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसतात. सकाळी सात ते दुपारी चार. घराच्या कर्जाचे हप्ते थकलेत, बँकेचा खरा नकार त्यासाठी होता. काळुराम ज्या नोटिसा वाटतो त्यातली एक दर महिन्याला आमची असते. ताईला कळू देऊ नका, असं बाबांनी आईकडून आणि माझ्याकडून वचन घेतलं होतं. अर्जात मी हे सगळं लिहिलं. आणि तू यज्ञेशकाकांना दुसरंच सांगितलंस.

निधीचं पत्र आलं. माहितीत विसंगती आढळल्याने अर्ज नामंजूर, आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. मी बाबांच्या पगाराची चिठ्ठी घेऊन पेणला गेले होते. तुझ्या घरावरून गेले, वर आले नाही. यज्ञेशकाका वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, ज्या बाईंनी आम्हाला खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या त्या खोटं सांगतील असं मी समितीपुढे कुठल्या तोंडाने म्हणू? वडिलांनी एकदा स्वतः येऊन सांगावं, मी महिनाअखेरपर्यंत थांबतो.

बाबांना सांगितलं. सोमवारी जातो म्हणाले. सोमवारी गल्ल्यावर दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बसस्टँडपर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, पेणला उतरल्यावर ताईच्या दारावरूनच जावं लागतं. मी त्यांना तिसऱ्यांदा सांगू शकले नाही.

मी तुझ्यावर रागावले होते. दहा दिवस तुझ्याशी मनातल्या मनात फार वाईट बोलले. आता नाही. तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

लोभ आहे. त्याविषयी आज थट्टा सुचत नाही.

तुझी,
ऋजुता

पेण, ११ ऑगस्ट २०२५

चि. ऋजुतास,
आशीर्वाद लिहायचा मला काय अधिकार, तरी सवयीने लिहिला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी यज्ञेशकडे गेले. सांगितलं, की मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं त्यालाही मी आणखी मुलामा दिला. चाळीस पान कसलं, गेल्या वर्षी गौरीला आपण सातजण होतो. तो उभाच राहिला. बाई, तुम्ही बसा, म्हणाला. रक्कम पाच तारखेला दुसऱ्या मुलाच्या नावे गेली. त्याचे वडील मिठागरावर आहेत. तो मुलगाही हुशार आहे, म्हणजे मला कुणावर चिडायचीसुद्धा सोय नाही.

परवा एसटीने कोलाडला गेले. हॉटेल लगेच सापडलं. विष्णु गल्ल्यावर होता, खिशाला पेन, समोर कुपनांचं पुस्तक. एका ट्रकवाल्याशी हसत होता, म्हणत होता, शेट, मिसळ खाऊन झोपू नका, घाट हाय पुढं. त्याला असं मोकळं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर एक चहा मागितला. मान वर न करता तो म्हणाला, मावशी, सुटे द्या. मग त्याने मान वर केली.

ऋजू, त्याने कुपन फाडलं. मी वीसची नोट दिली. त्याने पाच रुपये परत दिले, ते मी मोजून पर्समध्ये ठेवले. बाकावर बसून अर्धा चहा प्यायले आणि निघाले. एसटीत बसल्यावर कळलं, की अजूनही मी काही पाहिलं नाही असं त्याला वाटावं म्हणून माझी धडपड चालली होती.

आता तुझ्यावर रागावते, ऐक. पाटल्या माझ्या होत्या. पेन्शन नसलेल्या बाईने त्या कशासाठी सांभाळल्या असतील? पन्नास मिनिटांच्या अंतरावर राहून तू तारीख उलटायची वाट पाहिलीस. माझ्या हातातलं सोनं वाचवलंस आणि तुझी जागा घालवलीस. विष्णुने झाकलं, मी सजवून सांगितलं, आणि तू गप्प राहिलीस. तुला मी निराळी समजत होते. पाटल्या काढून डब्यात ठेवल्यात, आता हातात घालाव्याशा वाटत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशपरीक्षा देशील का? मी हे विचारणार नव्हते.

लोभ ठेवशील तेवढा पुरेल.

वैशाली

रोहा, २६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
ऋजुताचा नमस्कार.

तू रागावलीस ते बरोबर आहे. बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की आज ताई आली होती, चहा गोड झाला म्हणून तिने अर्धा ठेवला. मग आंघोळीला गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या वर्षीचं विचारलंस. पुढच्या वर्षीही फी लागेल, हप्ते तसेच असतील, आणि निधीचं दार तीन वर्षं बंद आहे. पाटल्या मोडून एक वर्ष निघेल, दुसरं कुठून आणायचं? मोडू नकोस. एक तारखेपासून मी धाटावला एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागतेय. आठ तासांची शिफ्ट, आठवड्याने बदलते. नमुन्यांचा रंग बघायचा आणि आकडा लिहायचा. रविवार मिळेलच असं नाही, त्यामुळे खाडीचं आता जमणार नाही. खाडीच्या कामाच्या सामानाने तुझी मागची खोली मी उगाच अडवून ठेवली आहे. ती रिकामी कर. भाडेकरू मिळाला तर तुलाही आधार होईल.

लोभ कमी झालेला नाही, तेवढ्यावर विश्वास ठेव.

तुझी,
ऋजुता

ता. क. सामान कुणाला द्यायचं ते लिहिते. स्पिरिटमधल्या बरण्या आमच्या रोह्याच्या कॉलेजला दे. शिपाई हर्षद गुरुवारी पेणला येतो, तो नेईल, फक्त झाकणं घट्ट आहेत ना बघ. पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र माझं नाही, सरांचं आहे, तेही त्याच्याचकडे. गमबूट काशीबाईच्या नातीला, दिपिकाला. ती अनवाणी उतरते आणि शिंपल्यांनी पाय कापून घेते. सैल होतील, पुढे कापड कोंबायला सांग. छोटा वजनकाटा काशीबाईला. ती नाय म्हणेल, तरी तिच्या टोपलीत ठेवून ये. सुती ओढण्या तू वापर.

चार वह्या आहेत, निळ्या पुठ्ठ्याच्या. त्या भूमिकाला पाठव. वेटिंग लिस्टवरची मुलगी तीच, आता माझ्या जागेवर आहे. तिने बिचारीने चाचरत मेसेज केला होता. तिलाही चिखलातल्या माशांवरच काम करायचंय, आणि तिच्याकडे आपल्या खाडीची तीन वर्षं नाहीत. पत्ता सोबत जोडलाय. रजिस्टरने पाठव, नुसत्या पोस्टाने नको. चौथ्या वहीच्या शेवटची बारा पानं कोरी आहेत. वाणसामानाच्या यादीसाठी ती फाडून घेऊ नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. तशीच जाऊ देत.