एस्तेरचा वर केलेला हात

१२ मे, सोमवार. लातूर
भोकरहून पहाटेच्या एसटीने आलो. एस्तेर सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून. चर्चच्या मंडळीच्या उन्हाळी शिबिराला पोरीला जवळजवळ ओढूनच आणलं. मी स्वयंपाकघरात मदतीला. माझी पिठाची गिरणी आठवडाभर बंद. पाठ दुखते. मुक्काम शाळेत, मुली वरच्या मजल्यावरच्या वर्गांत, मुलं खाली. सतरंज्या कमी पडल्या.
सोळा वर्षांची झाली. जेवणाआधी डोळे मिटते, पण ओठ हलत नाहीत. वर्षभर पाहतोय. विचारायचं धाडस नाही.

१३ मे, मंगळ
टँकर उशिरा. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला केला, तर नांदेडच्या पोरांनी नाकं मुरडली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मार्थाबाई ओरडल्या, "घरी शिळी भाकर खातेत अन् हितं नखरे!"
दुपारी वचन शोधायची स्पर्धा. पाळकसाहेबांनी पुस्तक, अध्याय सांगायचा, पोरांनी काखेतलं पवित्र शास्त्र उघडून शोधायचं. हबक्कूक म्हटल्यावर बाकीचे पानं उलटत राहिले, एस्तेर उभी. टाळ्या. बसली तेव्हा तोंडावर काहीच नाही. लहानपणी मीच शिकवलं होतं तिला. पाठ सगळं आहे.

१४ मे, बुध
संध्याकाळी आवाहन. वक्ते तरुण, पुण्याचे. "डोळे मिटा, माना खाली. कुणी कुणाकडे पाहू नका. ज्याला आपलं आयुष्य प्रभूला द्यायचंय, त्याने हात वर करावा." पेटीवर हळू सूर. मी दाराशी, हातात वरणाचं पातेलं. डोळे मिटले. मग उघडले.
तिचा हात वर होता.
तसाच उभा राहिलो. चटका लागला तेव्हा पातेलं खाली ठेवलं. प्रभू, तुझे उपकार.

१५ मे, गुरु
राहवलं नाही. सकाळी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मग उशीर कशाला, रविवारी समारोपाला दृढीकरण आहेच, नाव घालू. जेवताना माइकवरून नाव घेतलं. तान्ही होती तेव्हा बाप्तिस्म्याला तिच्या वतीने हो आम्ही म्हणालो होतो. आता दृढीकरणात मंडळीसमोर तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं.
एस्तेरच्या आईला फोन केला. फोनवरच रडली. पांढरा ड्रेस शिवायला टाकते, नांदेडला माझ्या भावालाही कळवते म्हणाली.
एस्तेरने ताट तसंच ठेवलं. उन्हाचं असेल.

१६ मे, शुक्र
हौदाशी कढई घासत होतो. एस्तेर आली.
"पप्पा, माझं नाव कुणी दिलं?"
"मी."
"मला न विचारता?"
"तूच हात वर केला ना, बाई."
"तुमाला कसं ठाऊक? डोळे मिटायचे व्हते ना सगळ्यांनी?"
मी घासत राहिलो.
मग तिनेच सांगितलं. शेजारी उदगीरची एक मुलगी रडत होती. तिला हात वर करायचा होता, एकटीला भीती वाटत होती. "म्हणून मी बी केला. तिच्यासंगं."
"अन् तुझं काय?"
"माझं मला अजून न्हाई कळलं. खोटंच हो म्हणू का?"
मार्थाबाई मागून, "बापलेकीनं मिळून घासली तर आजच्या आज निघंल ती कढई." एस्तेर हसली नाही. पण राख घेऊन बसली घासायला.
जेवण गेलं नाही.

१७ मे, शनि
दिवसभर कामात तोंड लपवलं. घरून फोन. ड्रेस झाला, बाह्या जरा लांब आहेत. मेव्हणा गाडी करून आणणार. सांगावं म्हटलं, जमलं नाही.
खोटंच हो. माझ्या दृढीकरणात मी हो म्हणालो तेव्हा काय कळलं होतं मला? वडिलांनी उभं केलं, उभा राहिलो. पुढे खरं झालं, ती त्याची कृपा. पण म्हणून तिलाही तसंच...
दुपारी प्रार्थनेला बसलो. शब्द आले नाहीत. नुसताच बसून राहिलो. पोरगी वर्षभर अशीच बसत असेल.

१८ मे, रवि
उपासनेआधी पाळकसाहेबांच्या खोलीत गेलो. सांगितलं, मी डोळे उघडून पाहिलं. तिने काही कबूल केलेलं नाही.
"याकोबभाऊ, पाहुणे येऊन राहिले, अन् आत्ता सांगता? आता नाव ठेवू का काढू?"
"तिला विचारा. मी विचारलं तर माझ्यासाठी हो म्हणेल."
बाहेर आलो तर गाडी आलेली. हिच्या हातात ड्रेसची पिशवी. "कुठाय माझी लेक?" लिंबाखाली पाळकसाहेब अन् एस्तेर. ती बोलत होती, ते ऐकत होते. ही निघाली तिकडे, मी हात धरला.
"काय झालं वो?"
"काही न्हाई. बोलू दे तिला."
घंटा झाली. लोक आत गेले. एस्तेर आली, आईच्या हातून पिशवी घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं अन् वरच्या वर्गाकडे गेली. ड्रेस घालायला की सामान आवरायला, ठाऊक नाही. पाळकसाहेब आत गेले. ही तिच्या मागे जात होती, मी नको म्हटलं.
दोघं जिन्यापाशी बसलोय. आत पहिलं गीत सुरू झालं. वरून अजून कुणी उतरलं नाही.