बाबांच्या बोटांचा घाम

१ मार्च, रविवार. माउंट गॅम्बियर, ऑस्ट्रेलिया.
जेवताना बाबांना सांगितलं, तुम्ही तुमच्या पक्षाला मत देता ते भीतीपोटी. मेंदूतलं बदामाएवढं एक केंद्र तुमच्याकडून ते करवून घेतं. मी कॉलेजात मेंदूविज्ञान शिकवतो, त्यामुळे हा टोमणा नव्हता, माहिती होती. बाबांनी ताटली पुढे सरकवली, टोपी घातली आणि गेले. मेरिन म्हणाली, बायको म्हणून सांगते, माहिती पुडिंगनंतर दिली असतीस तर बरं झालं असतं.
निश्चय: माफी मागायची. आधी पुरावा गोळा करून.

८ मार्च, रविवार.
रविवारच्या जेवणाला बाबा आले नाहीत. आई गेल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मेरिनने तरी त्यांचं ताट मांडलं. भाजलेलं मटण उरलं.

११ मार्च, बुधवार.
भीतीने बोटांना सुटणारा घाम मोजायचं यंत्र घेऊन बाबांकडे. बोटांना तारा लावू दिल्या. म्हणाले, लाव डेन्झिल, एकदाचं समाधान होऊ दे तुझं. साप, जखमा, सडकं मांस: वीस फोटो. रेषा सपाट. बाबा म्हणाले, अरे, चाळीस वर्षं सॉ मिलमध्ये काढली, भुशातून लोकांची बोटं वेचलीत. चहा घेतोस?
यंत्र बिघडलं असावं. गडबडीत माफी राहिली.

१२ मार्च.
तपासायला यंत्र स्वतःला लावलं. साप: किंचित. बाबांच्या पक्षाचं निशाण: रेषा पडद्याबाहेर. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, अशी नोंद केली. मग आठवलं, बाबाही एकच होते.

२१ मार्च, शनिवार. मतदान, शाळेत.
निश्चय: मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचे आकडे कसे घालावेत हे सांगणारी कार्डं सगळ्याच पक्षांची घ्यायची, स्वतः विचार करायचा आणि माफी फाटकातच मागायची, बाबा तिथे असणारच.
शाळेच्या फाटकाशी बाबा त्यांच्या पक्षाची कार्डं वाटत होते. मला पाहून एक पुढे केलं. मी फोन कानाला लावला. फोन बंद होता. आत सहा उमेदवार. आमच्या पक्षाच्या कार्डावरून आकडे जसेच्या तसे उतरवले. बाबांच्या माणसाला शेवटचा, सहावा. त्याचं नावही धड वाचलं नाही.
बाहेर आलो तर बाबा मतदानाच्या दिवशी फाटकाशी विकतात ते पावातलं सॉसेज घेऊन उभे. कांदा जास्त, लहानपणापासून मला लागतो तसा. म्हणाले, खा, आजच्या दिवशी उपाशी जाऊ नये. मग विचारलं, काय आलं रे माझं त्या यंत्रात? नॉर्मल, म्हणालो. आणि तुझं? म्हणालो, स्वतःचं मोजलं नाही.
बरं केलंस, म्हणाले, उगाच घाबरला असतास. उद्या जेवायला येतो.
मी मान हलवली. तोंडात घास होता, नाहीतर माफी मागितलीच असती.