बाबा, त्या सकाळी सरळ सांगायचं होतंत

प्रिय बाबा,

तेरावं झालं, पाहुणे गेले. उद्यापासून पडवीवरचा तुमचा वर्ग पुन्हा भरवायचा की कायमचा बंद करायचा, हे आता मला एकटीला ठरवायचं आहे. आणि आज संध्याकाळी रेणुका येऊन गेल्यापासून मला काही सुचत नाही. तुम्हाला नाही, तर कोणाला लिहू?

उत्तर दिलं की मुलाच्या हातातलं काम आपण काढून घेतो, असं तुम्ही शिक्षकांच्या सभांतून सांगायचात, लेखांतून लिहायचात. त्या एका विचारापायी कॉलेजातली नोकरी सोडून इथे गोव्यात, सुर्ल्याला आलात. खनिजाच्या ट्रकांवर, बांधकामांवर राबणाऱ्यांची मुलं पडवीवर गोळा केलीत. छडी नाही, घोकंपट्टी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. कोणी काहीही विचारलं की तुमचं आपलं ठरलेलं, "तुका काय दिसता?" तुला काय वाटतं, ते आधी सांग.

चौथीपर्यंत तुम्ही मला शाळेतच घातलं नाहीत. शेजारची काकी टोमणा मारायची, "सोताच्या चेडवाक शाळेत घालूक नाय, आनी लोकांका शिकयता!"

"काकी, तुका रांदूक खंयच्या शाळेत शिकयला गो?" तुम्ही विचारायचात. काकीच्या माशाच्या हुमणाचं नाव सगळ्या वाड्यात! ती हसू दाबत आत पळायची.

तेरेखोलला आजोळी असताना मी विचारलं होतं, नदीचं पाणी खारट का? आठवतं? तुम्ही मला होडीत बसवून वरच्या अंगाला नेलंत. जागोजागी पाणी चाखायला लावलंत, ओहोटीला आणि पुन्हा भरतीला. "समुद्र आत येता!" मी ओरडले, तेव्हा मला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचलात. तसा आनंद मला पुन्हा कशानेही झाला नाही.

पण बाबा, रागावू नका. तुम्ही मला शंका घ्यायला शिकवलंत, त्या मिटवायला नाही. अजूनही मी गॅस बंद केला का हे उठून उठून पाहते. कोणीतरी एकदा "बरोबर आसा गो बाय" म्हणावं, असं मला लहानपणी किती वाटायचं!

आणि ती सकाळ. तुम्ही खुर्चीत बसला होतात, कपाळावर घाम, हात छातीवर. "बाबा, दुखतंय का?" मी विचारलं. तुम्ही हसलात. "तुका काय दिसता?"

मी निरखून पाहिलं, तुम्ही शिकवलं होतंत तसंच. म्हटलं, "रात्री झोपला नाहीत, थकलायत." तुम्ही मान डोलावलीत. मी चहा टाकायला आत गेले. डिचोलीच्या इस्पितळाच्या दारात गाडी थांबली, तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या दिवशी तरी सरळ सांगायचं होतंत ना, बाबा! मी काय परीक्षेला बसले होते? की तुम्हालाही कळलं नव्हतं? हेही आता मला कोण सांगणार?

आज रेणुका आली, आईचं बोट धरून. बेळगावकडची ती, वर्गात तुमच्या पायाशी बसायची. "बाई, सर कुठं गेल्यात?"

तिची आई हळूच म्हणाली, "गावाकडं गेल्यात म्हणा की ओ बाई. पोरगी जेवंना झालीया."

तुमचे ते तीन शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी गिळले. खाली बसून म्हटलं, "सर वारले, रेणुका. ते आता परत येणार नाहीत." आपल्या पडवीवर इतकं सरळ उत्तर कोणी कोणाला दिलं नसेल.

ती रडली नाही. तुमच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "मग आता आमास्नी कोण इचारनार?"

तिची आई तिला घेऊन गेली.

तिला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहून देते. उद्या चटया मी अंथरीन. मुलांना मी विचारीन, अगदी तुमच्यासारखं, जमेल तसं. पण एखादं मूल भिऊन विचारत असेल, तर त्याला मी तिथल्या तिथे उत्तर देईन. थांबवून ठेवणार नाही.

तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. भांडायला तरी हवे होतात, बाबा.

तुमची,
बाय