दोन अंशांचा फरक

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या माणसाचे अनुभव वाया जाऊ नयेत म्हणून. हॉस्पिटलातल्या एमआरआय विभागाची सगळी उपकरणं माझ्या ताब्यात असतात. बावीस वर्षांत एक स्क्रू हरवलेला नाही. जो हरवला तो माझ्या आधीच्या माणसाच्या काळातला.

आज नव्या नर्सेसना तापमानाचा प्रोब समजावला. खोलीत एवढं मोठं चुंबक. तिथे धातूची तार नेली तर ती तापते, पेशंटला भाजते. म्हणून हा काचेचा धागा. भूल दिल्यावर पेशंटच्या अन्ननलिकेत सोडायचा. आतून उजेड जातो, टोकाला जाऊन परत येतो, आणि परत आलेल्या उजेडावरून मशीन शरीराचं तापमान सांगतं. झोपलेल्या माणसाला मला गरम होतंय असं म्हणता येत नाही, त्याच्या वतीने हा धागा बोलतो. हे वाक्य मला बोलता बोलता सुचलं. एकीने लिहून घेतलं.

शेवटी बजावलं, ताटलीपेक्षा लहान वेटोळं करायचं नाही. आत काच आहे. तशी सूचना भिंतीवर लावलेली आहे. अक्षर माझंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साडूचा फोन. त्याला धाग्याचं नाजूकपण सांगत होतो. सांगता सांगता धागा तर्जनीभोवती गुंडाळला गेला. चार-पाच वेढे. टोकाजवळ कट् झालं. अगदी बारीक. बोटही असू शकेल. या वयात बोटं वाजतात.

नंतर लावून पाहिला. कधी आकडा, कधी नुसत्या रेघा. म्हणजे बोट नव्हतं.

उद्या सकाळी मॅडमना सांगणार. मॅडम म्हणजे आमच्या भूलतज्ज्ञ. पहिलं काम हेच.

५ फेब्रुवारी, बुधवार

मॅडम घाईत होत्या. घाईतल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये, एवढं तारतम्य मला आहे. धाग्यावर 'तपासणी चालू' अशी चिठ्ठी चिकटवली. हे खोटं नाही. दिवसातून दोनदा मी त्याच्याकडे बघतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आले होते. अंग थरथरतं, स्थिर पडून राहता येत नाही, म्हणून भूल देऊनच स्कॅन. आमच्याकडे धागे दोनच. दुसरा ऑपरेशन थिएटरमध्ये, हृदयाच्या शस्त्रक्रियेत. धाग्याशिवाय मॅडम भूल देत नाहीत. स्कॅन पुढे ढकलला.

मास्तर कालपासून उपाशी. त्यांच्या बायकोने मला विचारलं, नेमकं काय झालंय. मी म्हटलं, तांत्रिक कारण. त्यांनी मान हलवली, जणू तो नवऱ्याचाच एखादा आजार असावा. मी तब्येतीचं विचारलं, तर म्हणाल्या, डोक्यातली गाठ वाढलीय का ते लवकर बघायचंय, बाकी आम्हाला घाई नाही.

मी उगाच विचारपूस केली. केली नसती तर बरं झालं असतं.

सोमवारी सांगणार. लेखी.

९ फेब्रुवारी, रविवार

कबुलीपत्र लिहिलं. पहिला खर्डा तीन पानी. 'धागा तुटला' लिहावं की 'मी तोडला', यात सकाळ गेली. 'धाग्याच्या बाबतीत एक घटना घडली' असं ठरवलं. भाषेत भारदस्तपणा हवा.

बायकोने वाचलं. म्हणाली, यात तुझी बावीस वर्षांची नोकरी आहे, मिळालेली दोन प्रशस्तिपत्रकं आहेत, धागा कुठाय.

तिला कार्यालयीन भाषा कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडम रजेवर. नशिबाचा कौल म्हणायचा.

वेळ होता म्हणून धागा पुसून पुन्हा जोडला. रेघा गेल्या. आकडा स्थिर. घरचा थर्मामीटर नेला होता, तो आणि धागा एकाच मगातल्या कोमट पाण्यात धरले. थर्मामीटर ३९, धागा ३७. दोन अंशांचा फरक.

निष्कर्ष: घरचा थर्मामीटर बिघडलेला आहे.

बायकोला फोन करून कळवलं. ती म्हणाली, दोन्ही मुलांच्या आजारपणांत तो कधी चुकला नाही. आईच्या मायेने बोलत होती. हे शास्त्राचं काम आहे. विभागात तपासणीचा अचूक थर्मामीटर आहे, पण तो मागायचा तर वहीत कारण लिहावं लागतं.

चिठ्ठी काढली. पत्र फाडलं. जो धागा बिघडलेलाच नाही त्याची कबुली देणं म्हणजे मॅडमची दिशाभूल.

११ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळी ५

जमेल तसं लिहितो.

मास्तरांना आज बोलावलं होतं. मॅडमनी भूल दिली, धागा सोडला. आकडा आला ३४.८. मॅडम म्हणाल्या, म्हातारं माणूस आहे, गार पडतंय. गरम केलेली पांघरुणं आणा. एक घातलं. मग दुसरं. स्कॅन सुरू झाला. स्कॅननेही अंग थोडं तापतंच.

मी मॅडमबरोबर स्कॅनच्या खोलीबाहेर, काचेच्या खिडकीच्या अलीकडे उभा होतो. आकडा ३५.४ झाला, मनात आपोआप दोन मिळवले. ३६ झाला, पुन्हा दोन मिळवले. थर्मामीटर बिघडलेला आहे असं तीनदा स्वतःला सांगितलं. मग ३६.५. मॅडम म्हणाल्या, छान, येतायत वर. मी मनात ३८.५ म्हटलं, आणि मला बायकोचं बोलणं आठवलं.

मी लगेच बोललो असतो, पण खोकला आला. खोकला झाल्यावरही काही वेळ गेला. तो किती, ते लिहीत नाही.

शेवटी म्हटलं, मॅडम, एकदा हाताने बघता का.

त्यांनी आत जाऊन मास्तरांच्या मानेखाली हात घातला. हात ओला होऊन आला. स्कॅन थांबवला, पांघरुणं ओढून काढली, बगलेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. थिएटरमधून दुसरा धागा मागवला. ३८.९.

मास्तर दोन तासांनी नीट शुद्धीवर आले. तोपर्यंत बायकोला ताई म्हणत होते. त्या होकार देत होत्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मास्तर बरे आहेत. दुसऱ्या धाग्यावर स्कॅन पुरा झाला. गाठ वाढलेली नाही.

मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, काल यांच्या अनुभवाने वाचवलं. टाळ्या वाजल्या. त्याच वेळी सांगायला उभा राहिलो होतो. पण टाळ्यांमध्ये उभा राहिलेला माणूस आभार मानायलाच उभा राहिलाय असं सगळे धरून चालतात. मी आभार मानले.

मास्तरांच्या बायकोने दोन्ही हातांनी माझा हात धरला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी. धाग्याला टोकाजवळ बारीक चीर आहे. कुणी काही केलं का, असं मॅडमनी विचारलं. मी योग्य शब्द जुळवत होतो, तेवढ्यात सफाईच्या मावशी पुढे आल्या. म्हणाल्या, गेल्या आठवड्यात पोछ्याच्या बादलीचं चाक एका वायरीवरून गेलं होतं, ती हीच असेल. माझंच चुकलं.

ती वायर टेलिफोनची होती. मी तिथेच होतो, मी पाहिलं होतं.

मावशींची बदली लाँड्रीत. सोमवारपासून.

मी गप्प बसलो, कारण त्यांचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मावशींची काळजी घ्यायची असं ठरवलंय. लाँड्री तळघरात आहे, वाफ फार. चहा घेऊन गेलो. कपबशीतून नेला, साखर वेगळी. बसायला स्वतः स्टूल पुसून दिलं. म्हटलं, चूक कुणाकडूनही होते, मावशी, मनाला लावून घेऊ नका. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चहा अर्धाच प्यायल्या.

जिना चढताना बरं वाटत होतं. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत ते गेलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा चहा नेला. मावशी म्हणाल्या, नको. कामात आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ७

झोप नाही. बायकोला सगळं सांगितलं. तिने डबा भरला आणि हातात दिला. ती रागावली असती तर मला रागावण्यावर काही बोलता आलं असतं.

आज सांगणार. लेखी नाही. तोंडी.

दुपारी २

सांगितलं. 'मी तोडला' असंच म्हटलं. साडूसकट सांगितलं, मगातल्या पाण्यासकट सांगितलं. खोकल्याचंही सांगितलं. बावीस वर्षांचं सांगायला तोंड उघडलं होतं, मॅडमनी हात वर केला.

म्हणाल्या, धागा तुटतो. काच आहे, तुटणारच. चार तारखेला सांगितलं असतं तर मी दुसरा मागवला असता आणि विसरूनही गेले असते. तुम्हाला दोन अंशांचा फरक माहीत होता आणि तुम्ही तो मास्तरांच्या घशात घातलात.

प्रोबचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पुढची चौकशी होईल. भिंतीवरची माझी सूचना त्यांनी तिथेच राहू दिली. मजकूर बरोबर आहे म्हणाल्या.

मास्तरांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं. फोन ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशींवरचा ठपका काल संध्याकाळीच निघाला. मॅडमनी त्यांना वर परत बोलावलंय. ही बातमी आपणच द्यावी म्हणून तळघरात गेलो. वाटलं होतं, त्या रडतील. मी काय म्हणायचं तेही जिन्यात ठरवलं होतं.

मावशी चादर झटकत होत्या. म्हणाल्या, काम तुमचं, ते मला आधीच कळलं होतं. विचारलं, कधी. म्हणाल्या, तुम्ही कपबशी घेऊन आलात तेव्हा. अकरा वर्षं तुमची खोली पुसली, साहेब, कधी पाय वर घेतले नाहीत तुम्ही. मग स्टूल पुसून देता म्हटल्यावर काय ते समजले.

मी म्हटलं, मग वर सांगितलं का नाही. म्हणाल्या, माझं कुणी ऐकलं असतं. आणि मी वर येणार नाही. इथे वाफ आहे, पण इथे मला कुणी काही विचारत नाही.

मी माफी मागितली. अगदी साधी, एका वाक्यात. त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ओढून धरा.

बावीस चादरींच्या घड्या घातल्या. मी निघालो तेव्हा त्यातल्या वाकड्या झालेल्या नऊ मावशी पुन्हा उलगडत होत्या.